चौथा खांदा

४ मार्च १९९६
मला मिळालेले दोन्ही गमबूट डाव्या पायाचे निघाले. मानवजातीवरच्या अन्यायांत याची नोंद व्हावी, म्हणून ही रोजनिशी. बारामतीहून एसटीने धुरळा खात इंदापूर तालुक्यातल्या या साखर कारखान्यात पोचलो आणि सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झालो. म्हणजे इतरांचे हातपाय सांभाळायला. स्टोअरवाला म्हणाला, दोन्ही उजवे बूट पळसदेवचा बिरू हमाल घालून गेला, यावरच भागवा. बाकी झकास. क्वार्टरच्या एका खिडकीतून ऊस दिसतो, दुसरीतून पुन्हा ऊसच.

६ मार्च
इथे ॲसिडचे काचेचे जार दोन बांबूंना बांधून चौघांनी खांद्यावर न्यायचे. तिरडीच ती; पुढे मडकं तेवढं नाही. ढकलगाडी आहे, पण तिच्यावर मॅनेजरसाहेबांचे गुलाब वाढतात. रीत मात्र चोख. दमलेला हमाल "खांदा" म्हणतो, बदली माणूस "आला" म्हणतो. तोवर टोक सोडायचं नाही. शाबासकी देणार होतो, तेवढ्यात मोजलं. माणसं तीनच. मागचं उजवं टोक अधांतरी, तरी जार सरळ. मुकादम झुंबरतात्यांना नियम ऐकवला. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "चवथा हाय की, सायेब."

९ मार्च
नियम म्हणजे नियम. त्या टोकाला महिपती नावाच्या हमालाला उभं केलं. खांदा लावताच तो किंचाळून पळाला. शर्ट कोरडा, आतली कातडी भाजलेली. तेव्हापासून मी दिसलो की हमाल थुंकतात. गोदामात सांडलेल्या चुन्यावर बुटांचे ठसे आहेत. दोन्ही पाय उजवे.

११ मार्च
तात्यांनी तंबाखू संपेपर्यंत तिष्ठत ठेवलं, मग सांगितलं. गेल्या हंगामात बिरूचा खांदा निसटू लागला. तो "खांदा" म्हणाला. माझ्या आधीचे साहेब अगदी शेजारी होते. शर्ट पांढरा, म्हणून मागे सरले. जार बिरूवर फुटला. "आला" कुणी म्हटलंच नाही. म्हणून तो अजून टोक सोडत नाही. मग तुम्ही म्हणा, मी म्हणालो. तात्या हसले.
"हाक सायबाला व्हती. ओ सायबानंच द्यायची."

१३ मार्च
दोन डावे बूट. अडखळून थेट जारखाली पडलो. वर दोर तुटला, जार डोक्यावर कलला — आणि थांबला. कानाशी धाप ऐकू आली. तिघंही हमाल आपापल्या टोकाला, समोर दिसत होते.
तात्या एवढंच म्हणाले, "तुमच्यावर एक खांदा चढला, सायेब."

१४ मार्च
राजीनामा लिहिला. फाटकात हमाल बसलेत. वाट देत नाहीत.
परत आलो तर दारात एक बूट. उजवा. माझ्याच मापाचा —

१५ मार्च
गोदाम. शर्ट पांढराच घातला. त्या टोकाखाली खांदा दिला आणि हळूच म्हणालो, "आला."
फिटलं.
मागून कुणीतरी निघून गेलं. एक पाय बुटात, एक अनवाणी.
आणि वजन — एवढं —
तिघांनी आपली टोकं कट्ट्यावर टेकली. बिड्या पेटवल्या. माझ्या टोकाखाली कट्टा नाही. डाव्या हाताने लिहितोय —
"खांदा" म्हणालो. पुन्हा म्हणालो. तात्या ऊस बघतायत —
कुणी आ