बदलीबाईने पाहिलं ते

सोमवार, ता. १४
दुपार

चिरंजीव मास्तरीणबाईंना आजीचा आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे. तिकडे तू आणि तुझी शाळेची पोरं धड असाल असं धरून चालते. त्यांना परक्या घरी राहायची सवय नाही. कुणी रडलं तर लगेच कुशीत घेऊ नकोस, आधी हाताला काम दे.

ओळी वाकड्या गेल्यात, मला माहीत आहे. कागदच तसला आहे.

शाळांच्या अदलाबदलीत तू वर्गातली काही पोरं घेऊन गेलीस आणि तुझ्या जागी तिकडची मास्तरीण इथे आली, तिला मी बदलीबाई म्हणते. तीही आता स्वतःला तेच म्हणते. तुझ्या खोलीत झोपते, तुझ्या वर्गातल्या उरलेल्या पोरांना तिकडची भाषा शिकवते, आणि तुझ्यासारखाच ओला टॉवेल खुर्चीवर टाकते. मग या अदलाबदलीत माझा फायदा काय झाला, ते तुझ्या मुख्याध्यापकांनाच विचार. जाताना तू म्हणाली होतीस, "आजी, तिला पाहुण्यासारखं नको, घरच्यासारखं वागव." वागवलं. दुसऱ्याच दिवशी टॉवेलवरून झापलं. ती हसली. शब्द कळत नसले की शिव्यासुद्धा फुकट जातात.

पण शिकते. संध्याकाळी भाजी निवडायला समोर बसते. मी वस्तू दाखवून नाव सांगते, ती तिच्याकडचं सांगते. तिचा शब्द माझ्या तोंडात बसत नाही, माझा तिच्या. शेजारीण विचारते, "काय हो आजी, दोघी इतकं काय बोलता?" म्हटलं, "तुझ्याबद्दलच."

आता खरं लिहिते. वर 'सगळं ठीक' लिहिलंय ते खोडत नाही, कागद घाण होतो.

मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. आधी कोपऱ्यात सावली यायची, मग ती पसरत गेली. शेजारणीला कळलं नाही, फोनवर तुला कळलं नाही. तुमचा दोष नाही. माझं तोंड इतकं चालतं की माणसं तोंडाकडेच बघतात. बदलीबाईला तोंडातलं काही कळेना, म्हणून ती हातांकडे बघत बसली. चहा कपाबाहेर ओतला ते तिने पाहिलं. दाराच्या चौकटीवर खांदा आपटला तेही पाहिलं. एक दिवस स्वयंपाकघरात गेले तर डावीकडचे सगळे डबे उजवीकडे मांडलेले. मी भडकले. तर तिने स्वतःचा डावा डोळा झाकला आणि भिंतीला हात लावत चालून दाखवलं, हुबेहूब माझ्यासारखं. मला वाटलं, कार्टी नक्कल करतेय. पळी उगारली. मग तिचा उघडा डोळा दिसला, भरून आलेला. पळी खाली ठेवली.

तीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, गुरुवारी ऑपरेशन करू. नजर किती परत येईल ते आत्ता सांगता येत नाही म्हणे.

तेव्हापासून ही बया फोन पुढे धरते. आधी माझ्याकडे बोट, मग स्वतःकडे. म्हणजे मला विचारते, "तू कळवतेस की मी कळवू?" फोनवर तू माझ्या आवाजावरून सगळं ओळखशील आणि तुझं रडं मला ऐकवणार नाही, म्हणून हे लिहिते. ती याचा फोटो काढून तुला पाठवेल. तिला मराठी वाचता येत नाही, तेव्हा बिनधास्त लिहिते: पोरगी गुणाची आहे. तिला सांगू मात्र नकोस, टॉवेल आणखी पसरतील.

तू परत यायचं नाहीस. मागच्या वर्षी माझा हात मोडला, तर तू सहल टाकून आलीस आणि सगळी पोरं अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरली. काय शिकली ती? आता तू निघालीस की पोरंही निघणार, आणि बदलीबाईलाही तिच्या घरी जावं लागणार. मग गुरुवारी माझ्याबरोबर कोण, शेजारीण? भुलीच्या आधी तिच्या गप्पांनीच मी झोपेन.

"मला भीती वाटत नाही" असं लिहून संपवणार होते. वाटते.

तेव्हा असं कर. गुरुवारी सकाळी, मला आत न्यायच्या आधी, फोन कर. "आजी, धीर धर" वगैरे नको. पोरांना फोनभोवती उभं कर आणि तिकडे जे काही बोलायला शिकलीत ते बोलू दे, सगळ्यांना एकदम, गोंगाट करत. मला एक अक्षर कळणार नाही. कळलं नाही तरी चालतं. न कळणारं बोलणं कानावर पडलं नाही तर हल्ली मला घर सुनं वाटतं.

तू आली नाहीस म्हणून मी रागावणार नाही. आलीस तर मात्र तुझ्याशी बोलणार नाही, आणि ते मला किती जड जाईल हे तुला ठाऊक आहे.

तुझी
आजी