होणाऱ्या चेअरमनची झोप

५ जानेवारी
२ फेब्रुवारीला मी गावच्या सोसायटीचा चेअरमन. फॉर्म्युला ठरलेला हाय: पहिली अडीच वर्षं विजयसिंह, पुढची अडीच मी. विजयसिंह म्हणजे माझा चुलतभाऊ. आठ-आठ तास झोपणारा माणूस. अडीच वर्षांत केलं काय? ऑफिसला पडदे लावले. आयत्या बिळावर नागोबा!
मी चार तास झोपतो. कर्तबगार माणसाला तेवढी बास. पण सांगायचं कुणाला? गाव म्हणजे कुंभकर्णाची सासुरवाडी.

६ जानेवारी
ऋतुजा पुण्याहून आली. पोरगी तिकडं झोपेवर संशोधन करती. एवढं शिकवलं ते यासाठी! कमी झोपणाऱ्यांना रोज तासभर जास्त झोपवायचं आन झोपेचा दर्जा सुधरतो का बिघडतो ते बघायचं. म्हणली, पप्पा, तुमी मीटिंगमधी पेंगता, लोक हसत्यात.
मी पेंगत न्हाई. डोळे मिटून चिंतन करतो. संचालकांना ते कळणार न्हाई, त्यांनी जन्मात कधी विचार केला न्हाई. शेवटी पोरीनं मनगटाला घड्याळ बांधलंच. माणूस झोपला की त्याला कळतं म्हणं.
म्हणलं, असू दे. पदग्रहणाच्या फोटोत चेहरा ताजा दिसंल.

७ जानेवारी
संकल्प. नऊला आडवं व्हायचं. चारनंतर चहा बंद. अंथरुणात मोबाईल बंद. शिस्त माझ्या रक्तातच हाय.

९ जानेवारी
नऊला आडवा झालो. झोप एकला. मधल्या वेळात पंख्यावरची जळमटं दिसली. बायकोला, सत्यशीलाला, उठवून दाखवली. ती काय बोलली ते लिहिण्याजोगं न्हाई. बायकांना स्वच्छतेचं काय पडलेलं नसतं.

१३ जानेवारी
चहा पाचला झाला. बजरंगनं आणला. ड्रायव्हरचं मन मोडायचं नसतं. मोबाईल पण बघावा लागला. विजयसिंहाचं स्टेटस: दवाखान्यात फळवाटप. केळं एक, धरणारे हात सहा. पेशंट कुठंच दिसंना. हे बघून कुणाला झोप लागंल?

१८ जानेवारी
ऋतुजाचा फोन. झोप तासभर वाढली, पण दर्जा घसरला म्हणं. सारखी मोडती. म्हणजे फाटकी गोधडी मोठी करून मिळाली! तर म्हणती, सुरुवातीला असंच व्हतं, सोडू नका, फक्त दिवसा झोपू नका.
दिवसा? घड्याळानं सगळं टिपलं म्हणं: ग्रामसभा, माजलगावचं लग्न, बजरंगची गाडी. सगळ्याला झोप म्हणतंय. यंत्राला चिंतन काय कळणार! बजरंगला साक्षीला बोलावला. तर म्हणला, दादा, चिंतन करताना तुमी लई घोरता वो.
चेअरमन झालो की ड्रायव्हर बदलणार.

२५ जानेवारी
आजपासून सगळं कडक. आज मात्र न्हाई, आज दिंद्रुडला वाढदिवस हाय. उद्यापासून.

१ फेब्रुवारी
उद्या मीटिंग. जॅकेटला इस्त्री झाली. भाषण पाठ. आज आठ तास झोप काढायचीच. सत्यशीला म्हणली, उद्या मीटिंगच्या आधी दोन कप कडक चहा घ्या. हिला कशाला राजकारणात पडायचं? आता चहा सकाळचा पण बंद. एकदा ठरलं म्हणजे ठरलं.

२ फेब्रुवारी, सकाळ
डोळ्याला डोळा न्हाई. अंथरुणात पडून भाषण म्हणत व्हतो. पण चहाला शिवलो न्हाई! असा निग्रह तालुक्यात दाखवा.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
जेवण आधी, मीटिंग मागून. हा विजयसिंहाचा डाव. पुरी, वांग्याची भाजी, बुंदी. बुंदी दोनदा घेतली, न्हाई म्हणलं तर लोकांना वाटतं माणूस नाराज हाय. मग पुढच्या रांगेत बसलो. तालुक्याचे साहेब बोलायला उठले, लांबण लावली. चिंतनाला बसलो.
पुढचं बजरंगनं सांगितलं, मी ते मान्य करीत न्हाई. विजयसिंह उठला, म्हणला, मी राजीनामा खिशात घेऊनच आलोय. पण कामं अर्धी हायत. पुढची अडीच वर्षं पण मीच ऱ्हावं का, ते आमच्या दादांनी सांगावं. दादांचा शब्द अखेरचा.
सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली म्हणं. आन माझी मान हलली. एकदा न्हाई, तीनदा. तिसऱ्यांदा पार छातीला टेकली.
टाळ्यांनी जाग आली. टाळ्या म्हणजे माझ्याच असणार! उठलो, हात जोडले, भाषण सुरू केलं. म्हणलो, सभेनं योग्य माणसाला संधी दिली, या माणसाच्या हातात सोसायटी सुरक्षित हाय. लई टाळ्या पडल्या. विजयसिंहाच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी माझ्या हातात हार दिला. गळ्यात घालायच्या ऐवजी हातात का देतंय, हा विचार करीपर्यंत विजयसिंहानं मान पुढं केली व्हती.
फोटो झकास आला. चेहरा ताजा हाय.

३ फेब्रुवारी
विजयसिंहानं पेढे पाठवले. सत्यशीलानं ठेवून घेतले, वर एक खाल्ला. मी कालपासून जेवलो न्हाई, कुणाला पडलेलं न्हाई.
ऋतुजाचा फोन. आनंदानं नुसती ओरडत व्हती. म्हणली, पप्पा, काल दुपारी तुमाला महिन्यातली सगळ्यात चांगली झोप लागली, एकदा पण मोडली न्हाई. कुठं झोपला व्हता? आता रोज तिथंच झोपत जा.