बाबांची नक्कल

७ ऑक्टोबर, न्यूयॉर्क
पोचले एकदाची! देशभर दिसणाऱ्या विनोदी कार्यक्रमात मी, एरी गावची थिया कोवालिक, नवी भरती. मेकअपच्या खोलीत माझ्या नावाची चिठ्ठी चिकटपट्टीने लावलीय, म्हणजे काढायलाही सोपी. जुने लोक सांगतात, नव्या माणसाने नाताळापर्यंत एक तरी पात्र गाजवायचं, नाहीतर सामान आवरायचं. मुख्य लेखिका मार्गोने विचारलं, तुझ्याकडे काय आहे? मी आमचे बाबा करून दाखवले. बर्फ उपसून घरात आले की ते टीव्हीवरच्या हवामानवाल्याशी भांडतात: "काल दोन इंच म्हणालास ना? ये इकडे, घे फावडं आणि मोज!" मार्गो हसून हसून खुर्चीवरून घसरली.

१३ ऑक्टोबर
काल लोकांनी माझ्या 'लेन'ला डोक्यावर घेतलं. बाबांचं नावच ठेवलंय पात्राला. सकाळी त्यांचा फोन. लहानपणापासून मला ढब्बू म्हणतात. "ढब्बू, माझी पॅन्ट एवढी ढगळ नसते हं, वकील गाठतो बघ!" मागे अख्खा बोलिंग क्लब खिदळत होता. बाबा तिथली यंत्रं दुरुस्त करतात. आज त्यांना बिअर फुकट. एवढे खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

२० ऑक्टोबर
आई म्हणाली, हवामान लागलं तरी बाबा चूप. लग्नानंतर पहिल्यांदा घरात शांतता आहे, तुझे उपकार झाले बाई. आम्ही दोघी खूप हसलो. काल स्किटमध्ये त्यांची चाल घातली: पॅन्ट वर ओढत, दुखरा डावा पाय फरपटत.

३ नोव्हेंबर
बाबा सरळ चालायला लागलेत. डॉक्टर चकित. आई मात्र कुरकुरली, की पावलांवरून कळायचं कोण येतंय, आता दचकायला होतं. काल मी त्यांचं हसणं केलं, ते तोंड दाबून शिंकल्यासारखं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

१० नोव्हेंबर
बाबा हसत नाहीत. रुसलेले नाहीत, आजारी नाहीत. आईने गुदगुल्या केल्या, तर त्यांनी तिचा हात सभ्यपणे बाजूला ठेवला. मी स्टेजवर उभी राहून त्यांचं जे जे करते, ते ते त्यांच्यातून जातं. वेड्यासारखं वाटतंय लिहिताना. पण तसंच आहे.

२४ नोव्हेंबर
मी आता लेन करणार नाही, असं मार्गोला म्हणाले. तिने ऐकवलं, लोकांना तू नको आहेस गं, म्हातारा हवाय. माझी दोन्ही स्किटं रंगीत तालमीनंतर कापली.

८ डिसेंबर
काल लेन केला. शेवटचं म्हणून. काही नवीन द्यायचं नव्हतं, शपथेवर सांगते. पण टाळ्या थांबेनात, आणि बाबांच्या आवाजात माझ्या तोंडून निसटलं— ढब्बू.
आज फोन केला. बाबांनी विचारलं, आपण कोण बोलताय?

१२ डिसेंबर, एरी
सगळं सोडून घरी आले. बाबा पाहुण्यासारखे कोचाच्या कडेवर बसतात. परत द्यावं म्हणून त्यांच्यापुढे सगळं केलं— भांडण, चाल, हसणं. मी ढब्बू ढब्बू म्हणत राहिले. रडत. त्यांनी टाळ्या वाजवल्या. छान करतात हो या बाई, आईला म्हणाले.
आई दारात उभी होती. थांबू नकोस, म्हणाली. तसंच बोल ना जरा वेळ.

१५ डिसेंबर
डावा पाय दुखतो. खराच.
आईने माझं ताट बाबांच्या खुर्चीपुढे मांडलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. मी नाही कसं म्हणू तिला—
माझा आवाज सापडत नाहीये. सकाळपासून शोधतेय—
आई हाक मारतेय. लेन, म्हणून. किती मायेने. ओ दिली तर तिला तिचा माणूस मिळेल. नाही दिली तर कोणालाच—
पुन्हा हाक. आई, एकदा थिया म्हण गं, एकदाच, म्हणजे मी—