कपाटात कोंडलेलं रोप

मी, खाली सही करणारी, उभा जन्म चष्म्याचं दुकान चालवलेली अविवाहित बाई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. असं सगळेच लिहितात. माझ्या बाबतीत त्यावर वाद झालेला आहे, म्हणून आधी तो मिटवते.

कलम पहिले. माझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा धाकटा भाऊ बायकोला घेऊन "चार दिवस सोबतीला" म्हणून आला आणि ठाण मांडून बसला. थंडी सुरू झाली तसं मी माझं कलांचोचं रोप दर वर्षीसारखं संध्याकाळी बोळातल्या कपाटात आणि सकाळी खिडकीत ठेवू लागले. भावाला आयतं निमित्त मिळालं. डॉक्टरांना घरी बोलावून, मी समोर बसलेली असताना, तो म्हणाला, "ताई झाडाला रोज कपाटात कोंडते, सकाळी सोडते. घराचे व्यवहार आता हिच्या हातात ठेवणं बरं नाही. तुम्ही तसा दाखला द्या."

मी डॉक्टरांना सांगितलं, "या झाडाला लांब रात्र लागते. घरात दिवे असतात, म्हणून कपाट. दीड महिना नीट अंधार मिळाला की कळ्या धरतात."

"मला झाडांतलं कळत नाही," डॉक्टर म्हणाले. "दोन महिन्यांनी येतो, तेव्हा पाहू."

ते आले तेव्हा रोप हिरवंगार होतं आणि त्यावर एकही कळी नव्हती. मी पान न् पान उलटून पाहिलं. मला माझाच संशय आला, आणि त्या एका क्षणासाठी मी भावाला कधीही माफ करणार नाही. तो मात्र पडेल चेहरा करून म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, डॉक्टर?"

तेवढ्यात भावजय हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ताई जेवून खोलीत गेल्या की हे उठून कपाट उघडायचे आणि बोळातला दिवा लावून ठेवायचे. रोज. मी विचारलं तर म्हणाले, तू यात पडू नकोस."

"तुला कोणी विचारलं?" भाऊ ओरडला.

"कोणीच नाही. म्हणून तर सांगितलं."

डॉक्टरांनी दाखला दिला, पण माझ्या बाजूने. तो सोबत जोडला आहे. भाऊ त्याच आठवड्यात घर सोडून गेला. बायकोला चल म्हणाला नाही, आणि तीही उठली नाही.

कलम दुसरे. सदर भावास माझ्या मिळकतीतलं काहीही देऊ नये. वडील शेवटच्या अंथरुणावर असतानाच त्याने त्यांचं मनगटी घड्याळ काढून नेलं. ते त्याच्याकडेच राहू द्यावं. हल्ली ते मागे पडतं असं ऐकलं. मला बरं वाटलं. माझ्या अंत्यविधीला तो आलाच तर मागे उभं करावं. बोलायला देऊ नये. तो रडत बोलतो आणि लोकांना खरं वाटतं.

कलम तिसरे. काचा घासायचं यंत्र, नंबर तपासायची चौकट आणि सगळ्या पकडी माझ्या जुन्या मदतनीस बाईला द्याव्यात. ती माझ्याशी भांडून पलीकडच्या गल्लीत दुकान थाटून बसली आणि माझी गिऱ्हाइकं पळवली. पण काच वाकडी बसवून तिने कधी दिली नाही.

कलम चौथे. हे राहतं घर माझ्या स्वकष्टार्जित कमाईचं आहे. ते, बँकेतली शिल्लक आणि कलांचोचं रोप भावजयीला, तिच्या एकटीच्या नावे, देत आहे. प्रेमापोटी नाही. तिचं माझं पटत नाही. ती नळ गळता ठेवते, दारं आपटते आणि झाडाला पाणी घालायचा तिला भारी सोस आहे. सांगितलेलं ऐकत नाही, म्हणून लिहिते. उन्हाळ्यात रोप दुपारच्या उन्हातून आत घ्यावं. माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नये. पावसाळी हवेत तर हात आखडताच ठेवावा, नाहीतर खोड बुडापासून कुजतं. थंडीत कपाट, आणि कपाटाला आता कुलूप आहे. फुलं वाळली की दांडे छाटावेत. छाटलेली फांदी दोन दिवस सुकवून मातीत खोचली की नवं रोप धरतं.

पुढच्या हिवाळ्यात शेंदरी फुलं इतकी आली की पानं दिसेनात. भावजयीने फोटो काढून नवऱ्याला पाठवला. मी सांगितलं नव्हतं.

कलम पाचवे. वरील सर्व मजकूर मी काल भावजयीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "ताई, घर राहू द्या. तुम्ही माझ्यावर ओरडणं तेवढं थांबवा."

"ते जमायचं नाही," मी म्हटलं. "घर घे."

लिहून देणार: सही (चष्मेवाली, घरमालकीण)

साक्षीदार:
१. वर उल्लेख केलेले डॉक्टर. मी शुद्धीवर असल्याची खात्री करून सही केली.
२. शेजारचे किल्लीवाले. भाऊ गेल्यावर पुढच्या दाराचं कुलूप यांनीच बदललं.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: नऊ फेब्रुवारी