गुलछबीचा कागद

१९ एप्रिल, शनि.

वंदना आली होती. पोलादपुरात, माझ्या पार्लरचा जिना चढून, स्वतःच्या पायांनी. बावीस वर्षांत पहिल्यांदा. (पुढे नुसतं वं. लिहीन. तिच्या अख्ख्या नावावर शाई कोण फुकट घालवणार.)

तिच्या सायलीचं लग्न. ८ मे. पत्रिका, अक्षता, नारळ, सगळं रीतसर. "पहिली पत्रिका देवाला, दुसरी तुला गो. चुलत असलो तरी एका ताटात जेवलोय आपण." जेवलोय खरं.

बोलताना नजर माझ्या वरच्या ओठावर. डाग अजून हाय का बघत होती. हाय बाई, हाय. कन्सीलरचे दोन थर लावते, तरी एप्रिलच्या घामात दुपारपर्यंत उघडा पडतो. पार्लरवालीच्या तोंडावर डाग. नवीन बायका आधी माझ्याकडे बघतात, मग रेटकार्डाकडे.

"सायली म्हणते मेकप मावशीच करणार. महाडची पार्लरवाली नको तिला."

करू की, म्हटलं. हसले पण. कशी हसले ते माझं मला ठाऊक.

२० एप्रिल, रवि.

भात शिजत घातला नि लिहायला बसले. एकदा सगळं कागदावर येऊ दे. इतकी वर्षं नुसतं डोक्यात.

मी एकवीस, ती वीस. बिरवाडीचे पाहुणे मला बघायला येणार. मुलगा एमआयडीसीत, कंपनीत पर्मनंट. माझ्या ओठावर दाट लव. शाळेत पोरं मला फौजदार म्हणायची. वं.नं मुंबईच्या कुणाकडून तरी गुलछबीची ट्यूब आणली, केस काढायचं क्रीम. तेव्हा ते इकडे मिळत नव्हतं. गुलाबी ट्यूब, वर हसणारी बाई. खोका नाही. आत असतो तो माहितीचा कागद नाही.

"कागद कुठाय?"
"कागद कशाला? मी हाय ना."
"किती वेळ ठेवू?"
"वीस मिनटं. मुळासकट जातं."

जळतंय गो, म्हटलं. तर म्हणे, "जळायलाच पायजे. म्हणजे काम करतंय."

पुसलं तर केसांबरोबर कातडीही आली. पाहुणे ओटीवर येऊन बसलेले. त्यांना परत कसं पाठवणार? काका, म्हणजे तिचे वडील, म्हणाले, "घरात दुसरी मुलगी हाय." पोह्यांच्या बश्या वं. घेऊन गेली. माझी साडी नेसून. माझ्यासाठी इस्त्री केलेली, मोरपंखी. मी आत माजघरात ओठावर ओलं फडकं धरून. पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं. पसंती तिलाच आली, लग्नही तिचंच झालं.

माझं पुढे कुठे जुळलं नाही. डाग बघून दोघे परत गेले, मग मीच बस म्हटलं. त्याचं रडगाणं नाही. पार्लर हाय, पोट भरतंय, कुणाच्या दारात हात पसरला नाही.

पण एक सलतं. तिला ठाऊक होतं, की तीही माझ्यासारखीच अडाणी? आईनं मरेपर्यंत सांगितलं, "तिचीपण चूक झाली असंल, सोड." चूक असेल तर सोडीनही. आधी कळू तर दे.

२४ एप्रिल, गुरु.

सायली आली, ट्रायलला. गोड पोर. रागवायला जागा नाही. आणि ओठावर लव! आमच्या घराण्याचीच. दोरा लावला, तर डोळ्यांत पाणी. "मावशी, क्रीम नाय का लावत तू?" म्हटलं, चेहऱ्याला मी क्रीम लावत नाही.

मग गालाला फाउंडेशन लावत होते, तेव्हा सहज म्हणाली, "तुझ्या ओठाला काय झालेलं गो?"
"आईला विचार."
"विचारलं. आई म्हणते, मावशीनं घाईघाईत कायतरी चुकीचं लावलं."

ब्रश हातात तसाच राहिला.

मी लावलं. मी घाईत. चुकीचं. वा गं वं. केसानं गळा कापलास तो कापलास, वर मीच कापून घेतला म्हणून माझंच नाव.

पोरीला निघताना गजरा दिला. तिचा काय दोष.

२५ एप्रिल, शुक्र.

बाजारात मेडिकलमधून गुलछबी आणली. आता सगळीकडे मिळते. तीच बाई, तेच हसू, मेली म्हातारी पण होत नाही.

कागद उलगडला. बावीस वर्षांनी पहिल्यांदा वाचला. मराठीतही हाय. आधी कोपराच्या आत थोडं लावून बघा. चेहऱ्यासाठी वेगळी ट्यूब येते, हातापायाची चेहऱ्याला लावू नका. पाच मिनिटांच्या वर ठेवू नका. आग झाल्यास ताबडतोब धुवा. एवढं सगळं लिहिलेलं असतं.

वं.ला फोन केला. "लग्नाआधी तूपण ये गो. विहिणीसमोर उभी राहायचीयस, चेहरा नको का नीट? माझ्याकडून आहेर समज." खूश झाली. लोभ्याला आमंत्रण लागतंच कशाला.

३ मे, शनि.

आली. एकटीच. मी खाली 'बंद'ची पाटी लावून आले होते.

खुर्चीत बसवलं, मान मागे, उजेड तोंडावर. आणि काय बघते! हिच्याही ओठावर आल्यात मिश्या. देव हाय म्हणायचा. "तेवढं पण काढ गो," तीच म्हणाली, "फोटोत दिसतं."

वाटीत साधं कोल्ड क्रीम काढलेलं. वाटीच्या काठाला बोटभर गुलछबी चोपडली, वासापुरती. तो वास ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. वरून गुलाब, खालून सडकं अंडं. नाकाशी वाटी नेली तशी तिची मान ताठ.

"हे काय?"
"गुलछबी. तुझ्याच आवडीची."

ओठावर जाड थर दिला. भिंतीवरचं घड्याळ समोर. मी स्टुलावर बसून टॉवेलाच्या घड्या घालायला घेतल्या.

चार मिनिटं डोळे घड्याळावर. पाचव्याला, "झालं ना? पूस."
म्हटलं, "कशाला? वीस मिनटं. मुळासकट जातं."
"जळतंय गो!"

कोल्ड क्रीम जळतंय म्हणे! हसूच येत होतं मला.

"जळायलाच पायजे," म्हटलं, "म्हणजे काम करतंय."

उठायला लागली. मी खांद्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही. देवाशपथ दाबला नाही. सहावं मिनिट संपताना ती ओरडली.

"पाचच मिनटं ठेवतात! कागदावर लिव्हलेलं असतं!"
"कुठल्या कागदावर?"
तिनं आरशातली नजर वळवली.
"कुठल्या कागदावर, वंदे?"

"माझ्याकडं होता," म्हणाली. रडत. "माझ्या पेटीत. वाचला होता मी. मला बघायला कोण येतच नव्हतं गो. तुझंच सगळं पहिलं, थोरली म्हणून. मला वाटलं सुजंल दोन दिवस, जाईल. एवढं होईल असं…"

पुसलं तिचं तोंड. आरशात दाखवलं. लाल ठिपकासुद्धा नाही. केस जागच्या जागी. "कोल्ड क्रीम हाय," म्हटलं, "जा आता."

चप्पल उलटी घालून जिना उतरली.

५ मे, सोम.

वाटलं होतं, एकदा कळलं की निवेल. कसलं निवतंय! उलट पेटलं. चूक असती तर सोडलं असतं. ही चूक नव्हती. पेटीत ठेवला होता कागद. घडी घालून.

आईचं म्हणणं धरून बावीस वर्षं मी तिला अर्धी माफी देत होते. ती परत घेतली.

वं.चा फोन दुपारी. "सायलीचा मेकप महाडच्या पार्लरवालीला सांगितलाय. तू नुसती लग्नाला ये." बरं म्हटलं. मला घाबरते आता. घाबरू दे.

स्वतःच्या ओठाचं तिला काय पडलंय? दोन दिवस सुजला असता, मग विसरली असती. तिला खरं दुखेल अशी एकच गोष्ट हाय, आणि ती गोड बोलते, मला मावशी म्हणते.

हे लिहिलं आणि वही मिटली. परत उघडली. खोडलं नाही.

७ मे, बुध. हळद.

९.४१. गेले नाही हळदीला. चहा घेत होते तर व्हॉट्सॲप. सायली.

"मावशी आई तुझ्याकडे सोडत नाय, काय झालं ते पण सांगत नाय. महाडवाली उद्याच येणार. आज हळदीचे फोटो, नी ओठावर मिश्या परत आल्यात. गुलछबी मागवली. खोका कुणीतरी कचऱ्यात टाकला, कागद पण गेला. नेटवर कोण काय सांगतंय, कोण काय. आत्ताच लावलीय. किती मिनटं ठेवू?"

खाली फोटो. ओठावर पांढरा थर, डोळे हसरे.

९.४२. तिकडे मेसेजवरच्या खुणा निळ्या झाल्या असतील. तिला दिसतंय मी वाचलंय.

खोटं बोलायचीही गरज नाही. नुसतं गप्प बसलं की झालं. घाईत चुकीचं लावलं, म्हणतील.

९.४३. "आईला विचारणार होते, पण ती पाहुण्यांत हाय नी सारखी चिडतेय. असू दे. तू हायस ना."

९.४४. "चुरचुरतंय गो. चालतं ना?"

वं. आता तिथे ओटीवर हळद कालवत असेल. चार पावलांवर पोरगी. आणि मिनिटं माझ्या हातात.

"चुरचुरायलाच पायजे" एवढं टाईप केलंय. पाठवलं नाही. पुसलंही नाही.

९.४५. पाच पुरी व्हायला एकच मिनिट.