वाघोलीच्या पेट्या चालू ठेवण्याबाबत

मी, डॉ. संपत गेनबा भाडळे, वय वर्षे बासष्ट, धंदा पूर्वी संशोधन व आता बिनपगारी संशोधन, मूळ गाव वाघोली, हल्ली राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र जेवणाच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. शरीराबद्दल लिहिण्यासारखे फारसे उरलेले नाही. यकृताचा कर्करोग आहे आणि तो पसरला आहे. डोके मात्र ठिकाणावर आहे आणि तसा दाखला डॉ. आनंदी परचुरे यांनी दिला आहे. दाखल्यावर सही करताना त्या म्हणाल्या, "भाडळे, सरकारी प्रकल्प पदरच्या पैशाने चालवणाऱ्या माणसाला मी शहाणा म्हणून लिहून देतेय. माझ्या सहीची लाज राखा."

माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घाई मात्र आहे, ती का हे पुढे येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आयुष्यभर अनुदानाचे अर्ज केले, त्यामुळे भाषा तिकडे घसरली तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. माझी पत्नी शैला हिने पहिले पान वाचले आणि म्हणाली, "अहो, यात 'प्रकल्पाची उद्दिष्टे' तेवढी लिहायची राहिली की."

कलम एक. सदाशिव पेठेतला फ्लॅट संपूर्णपणे शैलाचा. त्याचे हप्ते तिच्या शाळेच्या पगारातून गेले. माझ्या पगारातून बऱ्याचदा पेट्यांसाठी केबल यायची. तिचेच घर मी तिला देतो असे लिहिताना संकोच वाटतो, पण वकील म्हणाले लिहा, म्हणून लिहिले.

कलम दोन. बँकेत जे असेल ते शैलाचे. काय आहे ते तिला ठाऊक आहे आणि काय असायला हवे होते तेही. माझी अवजारे, म्हणजे जुन्या बाजारातून घेतलेला ऑसिलोस्कोप, दोन मीटर आणि सोल्डरिंगची पेटी, वाघोलीच्या शाळेला द्यावीत. कपाटात कुलूप लावून ठेवणार नाही असे हेडमास्तरांकडून तोंडी वदवून घ्यावे.

कलम तीन, पेट्यांविषयी. हे कलम मुख्य आहे.

वाघोलीत नगर रस्त्याच्या आत, माझ्या वाटणीच्या शेतात, पत्र्याच्या छपराच्या पेट्या आहेत. एकेकाळी चोवीस होत्या, आज अकरा चालतात. प्रत्येकीत एक प्लॅस्टिकची पाटी आहे. आकाशातून येणारा कण पाटीतून आरपार गेला की तिच्यात क्षणभर उजेड पडतो. तो आपल्याला दिसत नाही, काचेच्या नळीला दिसतो. सगळ्या पेट्यांत एकदम उजेड पडला की समजायचे, वर फार मोठ्या ऊर्जेचा एखादा कण हवेवर आपटला आणि त्याची फुटून बरसात झाली. एवढ्या ऊर्जेचे कण यंत्रात तयार करायचे म्हटले तर परदेशात वीस देश वर्गणी काढतात आणि तरी ते कमीच पडतात. आपल्याकडे ते फुकट पडतात. फक्त क्वचित पडतात, म्हणून सतत जागे राहावे लागते. माझी आई मथुराबाई पेट्यांच्या पत्र्यावर कुरडया वाळत घालायची. तिने एकदा विचारले, "आभाळातनं पडतंय ते मोजायला सरकार पगार देतंय व्हय?" तेव्हा देत होते.

पेट्या माझ्या शेतात असण्याचे कारण असे की प्रकल्पासाठी जागा संपादन करण्याचा प्रस्ताव दिल्लीत विचाराधीन होता. तोवर तात्पुरत्या म्हणून मी त्या आमच्या रानात उभ्या केल्या. तो प्रस्ताव अजून विचाराधीन आहे.

आता अडचण सांगतो. शेत माझे आहे, ते मी हव्या त्याला देऊ शकतो. पेट्या सरकारच्या आहेत, त्या मला कोणालाही देता येत नाहीत. आणि माझा जीव अडकला आहे तो पेट्यांत.

कलम चार, जुनी देणीघेणी. एक्याण्णव साली देशाकडे परकीय चलन नव्हते, तेव्हा आमच्या काचेच्या नळ्यांची परदेशातली ऑर्डर रद्द झाली. देश अडचणीत होता, ते मी समजू शकतो. पुढे देशाकडे चलन आले, मोटारींची दुकाने आली, हडपसरला काचेच्या इमारती आल्या, आणि आमच्या नळ्या काही आल्या नाहीत. मी नोकरीला होतो त्या संस्थेत बंद झालेली कायम पदांची भरती पुन्हा उघडलीच नाही. याबद्दल माझा राग आहे आणि तो मी कोणाच्याही नावे करत नाही, माझ्याबरोबरच जाऊ दे.

आठव्या पंचवार्षिक योजनेच्या अखेरीस आयात लांबल्यामुळे आमचा काही निधी खर्च झाला नाही. मार्चअखेरीला सगळ्या संस्था खुर्च्या, कपाटे आणि पडदे घेतात. मी निधी परत पाठवला. आमचे वडील उरलेले बियाणे सोसायटीत परत नेऊन द्यायचे, त्याच्यापलीकडे मी विचार केला नव्हता. दिल्लीच्या बैठकीत अनुदान देणाऱ्या खात्याचे एक सहसचिव मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आपण पैसे परत केलेत, याचा अर्थ आपल्याला गरज नव्हती. नवव्या योजनेत आपल्याला कशाला त्रास देऊ?" त्यांनी दिला नाही. त्यांच्या खोलीत नवे पडदे होते. या गृहस्थांना मी माफ करायचा प्रयत्न केला, जमले नाही. शैला सांगते म्हणून पुन्हा करीन.

तेव्हापासून अनुदान शून्य आहे, पण प्रकल्प कागदावर बंद नाही. नियम असा की एक योजना संपताना जे काम चालू असेल ते पुढच्या योजनेत ओढून नेता येते. बंद पडलेल्याला पहिल्यापासून नवा अर्ज करावा लागतो, आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्याच्या पेट्या भंगारात लिलावाला गेलेल्या असतात. म्हणून मी वीजबिल भरत राहिलो आणि पेट्या चालू ठेवल्या. येत्या एकतीस मार्चला नववी योजना संपते. त्याआधी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात खात्याची समिती वाघोलीला येणार आहे आणि ती एवढेच बघणार आहे, चालू आहे की नाही. दुसरा नियम असा की प्रकल्पप्रमुख मरण पावल्यास प्रकल्प बंद समजावा. आज जानेवारी आहे. परचुरे बाईंनी मला मार्चपर्यंतची खात्री दिलेली नाही.

मला मरणाची भीती वाटत नाही असे लिहिणार होतो, पण ते खरे नाही. मला फेब्रुवारीत मरायची फार भीती वाटते.

कलम पाच, शेत. हे कलम मी तीनदा लिहिले. पहिल्यांदा लिहिले की शेत माझी मुलगी तेजस्विनी हिला, पेट्या आहेत तिथेच राहू देण्याच्या अटीवर. तेजस्विनी हडपसरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि पुढच्या महिन्यात तिला अमेरिकेला पाठवत आहेत. तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "बाबा, सिरियसली? दिल्लीवाल्यांनी तुम्हाला आयुष्यभर कंडिशन्स घातल्या, आता तुम्ही मला घालताय? अट काढा. मग मी काय करायचं ते माझं मी ठरवीन." मी चिडलो. दुसऱ्यांदा शेत संस्थेला लिहिले. मग आठवले की संस्थेच्या संचालकांनी मागच्या भेटीत जागेचा बाजारभाव विचारला होता, आणि तो कागद फाडला. तिसऱ्यांदा लिहितो ते कायम. शेत तेजस्विनीला, विनाअट.

माझे थोरले बंधू धोंडिबा आणि त्यांचा मुलगा पियुष यांनी ते विकण्यासाठी तिच्या मागे लागू नये, ही विनंती. पियुषने तिथे किती इमारती बसतात ते मला बोटाने हवेत काढून दाखवले आहे. दादांवर माझा राग नाही. गेल्या दिवाळीत ते पेट्यांपाशी उभे राहून म्हणाले, "संपत, त्या डब्यांतनं काय निघालं ते एकदा सांग, मंग म्या इकायचं नाव काढत न्हाय." मी तासभर सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हंजी अजून निघायचंय." याहून नेमका अभिप्राय मला कोणत्याही समितीने दिलेला नाही.

कलम सहा. (हे कलम मी लिहून नंतर खोडले आहे. खोडल्याच्या जागी माझी व साक्षीदारांची सही आहे. खालचे वाचता येते, ते तसेच असू द्यावे.) माझा मृत्यू समितीच्या भेटीआधी झाल्यास तो एकतीस मार्चपर्यंत जाहीर करू नये. वर्तमानपत्रात निधनवार्ता देऊ नये. संस्थेस, खात्यास व वाघोलीस कळवू नये. घरच्यांनी व माझा विद्यार्थी प्रज्ञेश याने मला विद्युतदाहिनीत नेऊन यावे. समितीने चौकशी केल्यास सर बाहेरगावी गेले आहेत, एवढेच सांगावे. शैलाने मंगळसूत्र काढू नये व समिती येईल त्या दिवशी नेहमीप्रमाणे वाघोलीस चहाचा थर्मास घेऊन यावे.

हे मी शुद्धीत लिहिले. दोन दिवस मला ते योग्यही वाटत होते. शैलाने वाचले आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आणि मी रडायचं कुठे, तेही लिहून ठेवा. न्हाणीघरात, नळ सोडून?" मी कागद सुलटा केला. ती म्हणाली, "मंगळसूत्र मी काढणार नव्हतेच. तो माझा प्रश्न आहे. पण कमिटीला दाखवायला म्हणून घालणार नाही, सांगून ठेवते." आणि स्वयंपाकघरात जाऊन तिने कुकर लावला. मी पेन उघडले आणि खोडले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला कळेनासे झाले आहे की आता काय करावे.

तेव्हा मी गेल्यावर सगळ्यांना रीतसर कळवावे. खात्यालाही त्याच दिवशी कळवावे. खोटे सांगून ओढून नेलेला प्रकल्प पुढच्या योजनेत काय मोजणार आहे?

कलम सात, प्रज्ञेश मिलिंद ओव्हाळ यांच्याविषयी. प्रज्ञेश माझ्याकडे विद्यार्थी म्हणून आला आणि राहिला. पावसात भिजलेल्या केबल त्याने बदलल्या, उंदरांनी खाल्लेल्याही त्यानेच. पेट्यांतून निघालेल्या आकड्यांचा अर्थ माझ्याइतकाच त्याला लागतो, अलीकडे जरा जास्तच. त्याला सहप्रमुख करावे म्हणून मी खात्याला तीनदा लिहिले. उत्तर एकदाच आले, की कायम पदावरील किंवा त्या पदावरून निवृत्त झालेल्या व्यक्तीसच प्रमुख करता येते. कायम पद मागितले तर ते गोठवलेले आहे. त्यामुळे तो इतकी वर्षे कोणत्याही हुद्द्याशिवाय तिथे जातो आणि घर त्याची बायको शर्मिला चालवते. हडपसरच्या एका कंपनीने त्याला दोनदा बोलावले. दोनदा तो माझ्या तोंडाकडे बघून गेला नाही. तिसरे बोलावणे आले आहे. ते त्याने मला सांगितले नाही, शर्मिलाने शैलाला सांगितले.

वकील म्हणाले की ज्याला काही द्यायचे असेल त्याला साक्षीदार करू नये, पुढे भांडणे निघतात. म्हणूनच मी प्रज्ञेशला साक्षीदार केले आहे. त्याच्या वाट्याला माझे काहीही येऊ नये. शेत नाही, अवजारे नाहीत आणि पेट्या तर नाहीतच. बाळ, तू मोकळा आहेस. हडपसरला जा. मला वाईट वाटेल, खोटे कशाला बोलू, पण मी तेव्हा नसेन. सहीखाली हुद्द्याची जागा तू रिकामी सोड. संस्थेने जे दिले नाही ते आपण लिहू नये.

कलम आठ. व्यवस्थापक म्हणून मी शैलाला नेमतो. वीजमीटर माझ्या नावावर आहे. मी गेल्यावर वीज किती दिवस ठेवायची ते तिने ठरवावे. मी काही सुचवत नाही. सुचवायचे फार मनात आहे, पण अट घालायची नाही असे कलम पाचमध्ये कबूल करून बसलो आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि शैलाला ऐकवला. तिने दोन ठिकाणी वेलांट्या दुरुस्त केल्या. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे, कलम सहा सोडून, ते माझ्या इच्छेप्रमाणे होते म्हणूनच खोडले.

ठिकाण : पुणे
दिनांक : २० जानेवारी २००२

संपत गेनबा भाडळे
(सही)

आम्हा दोघांसमक्ष डॉ. भाडळे यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली.

साक्षीदार १ : डॉ. आनंदी परचुरे (सही)
हुद्दा : वैद्यकीय व्यवसाय, सदाशिव पेठ, पुणे

साक्षीदार २ : प्रज्ञेश मिलिंद ओव्हाळ (सही)
हुद्दा : वाघोली प्रकल्प, प्रभारी. प्रकल्प चालू आहे.