एकोणीस दिवस ओले राहिलेले पुस्तक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पुस्तकबांधणी, राहणार याच घरात, तळमजल्यावर कारखाना आणि वर दोन खोल्या, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय तितकेसे शाबूत नाही, पण मृत्युपत्राला त्याची अट नसते असे वकिलांनी सांगितले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात स्वतःविषयी बरेच चांगले लिहिले होते. ते या लेखाने रद्द होत आहे.

कलम १. माझा धर्म. हे कलम लागत नाही असे वकील म्हणाले. मला लागते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

मी चेटकीण आहे. लहान मुलांना भीती घालायला सांगतात तसली नव्हे. आमचा पंथ आजकालचा आहे, त्यात नोकरदार आहेत, एक दातांची डॉक्टर आहे. आम्ही ऋतू पाळतो, पौर्णिमेला माझ्या मागच्या खोलीत जमतो, वर्तुळ आखून मेणबत्त्या लावतो, पाला-मुळ्या वाळवतो, आणि माणसाच्या इच्छेत जोर असतो असे मानतो. झाडूवर बसून कोणी उडत नाही. माझ्या गुडघ्यांना जिनाच पुरेसा होतो.

आमच्या मंडळाचे नियम तीन. कोणाचे वाईट करायचे नाही. ज्याने मागितले नाही त्याच्यासाठी कोणतेही कार्य करायचे नाही. आणि कोणाच्याही देवाला हसायचे नाही, त्याच्या वाटेत उभे राहायचे नाही. तिसरा नियम मी घातला. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझा नवरा आठवड्याच्या प्रार्थनेला निघाला होता, आणि मी त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे बघून हसले. तो सदरा बदलून घरीच बसला, आणि पुन्हा कधी गेला नाही. मी त्याला जाऊ नकोस असे म्हटले नव्हते, हे मी पुढे कैक वर्षे लोकांना सांगत आले. नियम त्या दिवसाच्या लाजेतून आला, पण तो घालणारी बाई मोठ्या मनाची आहे असे सगळ्यांना वाटले, आणि मी वाटू दिले.

कलम २. घर. तळमजला, वरच्या दोन खोल्या आणि मागची खोली असे संपूर्ण घर माझ्या नणंदेला द्यावे. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झाली असून एका भाड्याच्या खोलीत राहते. ती तिच्या धर्माची कडक आहे, रोज दोनदा प्रार्थना करते, आणि मी तिला पाठीमागे ‘घंटी’ म्हणायचे, कारण ती ठरल्या वेळेला वाजते. मंडळाला वाटत होते की मागची खोली आपल्याला मिळेल. त्यांनी ती पौर्णिमेच्या संध्याकाळी नणंदेकडे मागावी. ती देईल. याची मला खात्री आहे, आणि मी तिच्या जागी असते तर दिली असती याची खात्री नाही.

कलम ३. अवजारे. कापायचे मशीन, शिवणाच्या चौकटी, टोचे, हाडाच्या पट्ट्या, मेणाचा दोरा, खळ शिजवायचे पातेले, पुस्तके दाबायचा मोठा प्रेस, हे सर्व माझ्याकडे चौदा वर्षे कटिंग करणाऱ्या बाईंना द्यावे. त्यांच्या हाताला डोळे आहेत. पातेल्याच्या बुडाशी लागलेली खळ घासू नये, ती आता पातेल्याचाच भाग आहे. कोपऱ्यात कापडाखाली झाकलेला छोटा प्रेस यातून वगळला आहे. त्याचा स्क्रू कोणी हलवू नये. त्याबद्दल कलम ६ पाहावे.

कलम ४. बँकेत जे असेल त्यातून माझा शेवटचा खर्च करावा, आणि उरेल ते याच बाईंना द्यावे.

कलम ५. जुने हिशेब, म्हणजे मनातले.

समोरच्या कुलूपवाल्याने बावीस वर्षांपूर्वी माझ्या शटरवर खडूने ‘चेटकीण’ असे लिहिले होते. शब्द खरा होता, पण अक्षर फार वाईट होते. तेव्हापासून मला बघितले की तो तोंडातल्या तोंडात त्याच्या देवाचे नाव घेतो. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितल्यावर मी तातडीने त्याला साक्षीदार केले.

मंडळातल्या मेणबत्तीवालीने एकदा बैठकीत म्हटले होते, “बाकीचे धर्म म्हणजे मेंढरांचे कळप गं. आपण तरी डोळे उघडे ठेवून चालतो.” सगळ्या हसल्या. तिला थांबवणे माझे काम होते. मी चहा ओतत होते, आणि ओतत राहिले. तिच्यावर माझा राग नाही. तिने मोठ्याने म्हटले, मी मनात म्हणायचे, एवढाच काय तो फरक.

कलम ६. छोटा प्रेस आणि त्यातले पुस्तक.

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आमचा संसार एकतीस वर्षांचा. नऊ वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या आजाराने तो वरच्या खोलीत अंथरुणाला खिळला. एके दिवशी त्याने कपाटाच्या तळातून एक पुस्तक काढायला लावले. त्याच्या आईचे प्रार्थनेचे पुस्तक होते. कणा तुटलेला, पाने सुटलेली, कडा खाल्लेल्या.

तो म्हणाला, “एवढं बांधून देशील? वाचावंसं वाटतंय.”

मी म्हटले, “देते की.”

मी ते त्याच दिवशी बांधले. नीट शिवले, नवा कणा लावला, नवे पुठ्ठे चढवले, छोट्या प्रेसमध्ये घालून स्क्रू आवळला. खळ एका रात्रीत वाळते. सकाळी पुस्तक तयार होते. त्याने विचारले, “झालं का?” आणि मी म्हणाले, “अजून ओलं आहे.”

दुसऱ्या दिवशीही ओलेच होते. हवा दमट आहे म्हणाले. मग म्हणाले, कापड जाड आहे, वेळ घेते. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर कारण देणेही मी सोडले. तो विचारायचा, मी “नाही अजून” म्हणायचे, तो “बरं” म्हणायचा. असे एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी सकाळी तो गेला.

का केले, हे लिहायला मला नऊ वर्षे लागली. मला एका पुस्तकाचा मत्सर वाटला. एकतीस वर्षे माणूस माझ्याबरोबर राहिला आणि निघायच्या वेळी त्याला दुसरेच दार आठवले, हे मला सोसवेना. शिवाय मंडळ काय म्हणेल ही भीती होती. मी सहिष्णुतेवर पुस्तिका लिहिलेली बाई. माझाच नवरा शेवटी तिकडे गेला, असे कोणी म्हणायला नको होते.

आणखी एक आहे, आणि ते याहून वाईट आहे. त्या एकोणीस दिवसांत मी मंडळाला बोलावले. सात बायका त्याच्या पलंगाभोवती मेणबत्त्या घेऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या आरोग्यासाठी कार्य केले. त्याला कोणी विचारले नाही. आमचा दुसरा नियम मोडताना मला तो नियम आठवलासुद्धा नाही. धुराने त्याला खोकला लागला. खोकला थांबल्यावर तो त्यांना म्हणाला, “तुम्ही एवढं केलंत, आभारी आहे. पण मेणबत्त्या विझवल्या तर चालेल का?” मी सगळ्यांना सांगितले की औषधामुळे त्याला उजेड सहन होत नाही.

तो गेल्यावर मी छोट्या प्रेसवर कापड टाकले आणि कामासाठी दुसरा घेतला. स्क्रू आजतागायत सैल केलेला नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मला हृदयाचा झटका आला. नणंद दवाखान्यात येऊन बसली. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “वहिनी, तुमच्या मंडळातलं कोणाला बोलवू का? तुमचं काय असेल ते करून घ्या. मी नर्सला सांगून ठेवलंय, खऱ्या मेणबत्त्या नाही चालणार, पण बॅटरीवरच्या मिळतात. मी आणल्यात.” आणि तिने पिशवीतून सात काढल्या. किती लागतात तेसुद्धा तिला माहीत होते.

मला रडू आले. मी तिला प्रेसचे सगळे सांगून टाकले. ती ऐकून घेत पिशवीची घडी घालत राहिली.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “दादाने सांगितलं होतं.”

“त्याला माहीत होतं?”

“तुमच्या घरात एकतीस वर्षं खळ शिजत होती, वहिनी. ती वाळायला किती वेळ लागतो हे त्याला कळत नसेल?”

मी विचारले, मग तो काही बोलला का नाही.

“मला म्हणाला, तिला काही विचारू नकोस, तिला जड जातंय. तुम्ही खाली दूध आणायला गेलात की मी प्रार्थना म्हणायचे. तो ओठ हलवायचा. जिन्यावर तुमची पावलं वाजली की आम्ही गप्प बसायचो. शाळेत गप्पा मारताना बाई आल्या की बसायचो तसे.”

“म्हणजे त्याला पाठ होती?”

“अख्खी. मलाही आहे.”

“मग पुस्तक कशाला मागत होता रोज?”

तिने घडी घातलेली पिशवी उशाशी ठेवली. मग म्हणाली, “त्याला ते तुमच्या हातून हवं होतं.”

तेव्हापासून हे वाक्य मला सोडत नाही. त्याला त्याचा देव परत मिळाला होता. तो मी अडवू शकत नव्हते. मी अडवले ते फक्त स्वतःला. आणि माझ्याच घरात, माझ्या पावलांच्या धाकाने, दोन भावंडे हळू आवाजात प्रार्थना करत होती. ज्या धाकाविरुद्ध आम्ही चेटकिणी इतके बोलतो, तो माझ्या चपलांच्या आवाजात होता.

म्हणून, माझ्या मृत्यूनंतर छोटा प्रेस नणंदेच्या समोर उघडावा आणि त्यातले पुस्तक तिला द्यावे. माझी ते उघडायची लायकी नाही.

कलम ७. सहिष्णुतेवरच्या माझ्या पुस्तिकेच्या उरलेल्या प्रती कपाटात आहेत. त्यांची पाने माझ्या नवऱ्याने जेवणाच्या टेबलावर बसून जुळवून दिली होती, आणि जुळवता जुळवता वाचलीही असणार. त्या फाडू नयेत. मजकूर चुकीचा नाही. फक्त प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवावी. चिठ्ठ्या छापून वरच्या खणात ठेवल्या आहेत, त्यावर असे आहे: “पान १७, ओळ ४. ‘आम्ही कोणाच्याही श्रद्धेच्या वाटेत उभ्या राहत नाही’ याऐवजी ‘लेखिका एकोणीस दिवस उभी राहिली’ असे वाचावे.” चिकटवायचे काम मेणबत्तीवालीने करावे, ही विनंती. खळ ताजी वापरावी.

कलम ८. माझे शेवटचे आजारपण. मी कोणतीही वस्तू, कोणतेही पुस्तक, कोणताही देव किंवा माणूस मागितला, मग तो मी जन्मभर बोलले त्याच्या अगदी उलट का असेना, तर तो त्याच दिवशी आणून द्यावा. मी शुद्धीत आहे की नाही याची चर्चा करू नये. मी काहीच मागितले नाही, तर मला विचारावे. माझ्या अंत्यविधीत मंडळाने मंडळाचे करावे, नणंदेला वाटल्यास तिने तिचे करावे, आणि कोणीही आवाज कमी करू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. खालील दोघांच्या समोर मी सही केली आणि त्यांनी माझ्या समोर केली.

(सही) बांधणीवाली

साक्षीदार १: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची मालकीण. (सही)

साक्षीदार २: समोरचा कुलूपवाला. (सही) यांनी सहीखाली स्वतःहून लिहिले आहे: “मला या बाईंचे काही पटत नाही. पण बाई शुद्धीत आहेत.”

स्थळ: राहते घर, तळमजला. दिनांक ९ फेब्रुवारी २०२४.

पुरवणी

वरील मृत्युपत्रातले कलम ६ मधले शेवटचे निर्देश रद्द समजावेत. ज्या वस्तूबद्दल ते आहेत ती आता माझ्याकडे नाही.

सही केल्यानंतर मी कलम ८ पुन्हा वाचले. ‘त्याच दिवशी आणून द्यावा’ असे मी इतरांना बजावले होते, आणि त्याच्या दोन कलमे वर पुस्तक मात्र माझ्या मरणापर्यंत प्रेसमध्येच ठेवले होते. म्हणजे मी पुन्हा तेच म्हणत होते, अजून ओले आहे.

स्क्रू गंजला होता. कुलूपवाल्याला बोलावले. तो तेलाची बुधली घेऊन आला, पहिल्यांदाच माझ्या उंबऱ्याच्या आत. बराच वेळ खटपट करून म्हणाला, “एवढं घट्ट कोणी आवळलं?” मी म्हटले, “मी.” त्याने पैसे घेतले नाहीत.

पुस्तक उत्तम निघाले. माझ्या हातून इतकी चांगली बांधणी दुसरी झालेली नाही, आणि हे लिहिताना मला लाजच वाटते.

ते घेऊन मी नणंदेच्या खोलीवर गेले. तिने मांडीवर ठेवून कण्यावरून बोट फिरवले आणि पुस्तक माझ्याकडे परत सरकवले.

“माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय,” ती म्हणाली. “तुम्ही वाचा.”

चष्मा तिच्या गळ्यात लटकत होता. मी पहिले पान उघडले आणि मोठ्याने वाचले. दोनदा अडखळले, दोन्ही वेळा तिने डोळे मिटूनच शब्द सांगितला. लाज गेली नाही. प्रार्थना शेवटपर्यंत वाचली.

(सही) बांधणीवाली

साक्षीदार: वरीलप्रमाणे, दोघेही. (सह्या)

स्थळ: तेच. दिनांक २४ फेब्रुवारी २०२४.